बाळाच्या कार सीटचा पट्टा: घट्ट हवा, काचणारा नको

बाळाला कार सीटमध्ये बसवलं, बकल लावलं आणि त्याने भोकाड पसरलं, की गाडीतलं कोणीतरी हमखास म्हणतं, "जरा सैल करा हो तो पट्टा." आमच्याकडे हे वाक्य हिचं, म्हणजे ओवीच्या आजीचं. माझी नोकरी यंत्रांच्या जुळणीत गेली. त्यामुळे नात जन्मायच्या आधीच लेकीने सीटचं खोकं आणि मॅन्युअल माझ्यासमोर आणून ठेवलं, "बाबा, हे खातं तुमचं." तेव्हापासून ओवीला सीटमध्ये बसवणं हे माझं काम आणि सैल करा म्हणणं हे हिचं.

माझं म्हणणं असं: पट्टा घट्ट आहे म्हणून बाळ कुरकुरतं, हे फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा पट्टा चुकीच्या खाचेतून आलेला असतो, नाहीतर कुठेतरी पिळलेला असतो, नाहीतर बाळ सीटमध्ये खाली घसरलेलं असतं. पाठीवरच्या सॅकचे पट्टे सैल असले की ते खांद्याला काचतात आणि ओढून बसवले की काच कमी होतो, तसंच हे. सैल पट्टा सरकतो, सरकला की मानेला घासतो, आणि आपण बाळाच्या दयेपोटी तो आणखी सैल करतो.

घट्ट का हवा, याचा हिशेब एकदा करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जात असते. जोराच्या धडकेत ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते असं धरा. तेवढ्या वेळात बाळालाही थांबायचं असतं. ६ किलोच्या बाळाला त्यासाठी सरासरी ८५ किलो वजनाइतका ओढा लागतो. हा ओढा मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचे हात देऊ शकत नाहीत, हे हिलाही आकड्यांवरून पटलं. पट्ट्यात झोल असेल तर बाळ आधी तो झोल संपेपर्यंत त्याच वेगाने पुढे जात राहतं आणि मग उरलेल्या कमी वेळात, जास्त जोराने अडवलं जातं. पट्टा अंगालगत असेल तर ते गाडीबरोबरच हळू व्हायला लागतं, आणि जोर खांदे व कमरेच्या हाडांवर वाटला जातो. ती हाडं तो सोसू शकतात, मऊ पोट नाही.

इथे मी पाच टोकांच्या हार्नेसबद्दल लिहितोय: दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेपाशी, एक पायांमधून. सीट गाडीत नीट बसवलेली आहे असं गृहीत धरतो. म्हणजे, गाडीचा बेल्ट किंवा अँकर (सीट गाडीला अडकवायची जोडणी) जिथून जातो तिथे सीट धरून हलवली तर ती २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत नाही. आणि मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. या दोन गोष्टी पक्क्या नसतील तर पट्ट्यांचा विचार नंतर करा.

आधी खांद्याची उंची

हे काम गाडीत, घाईत करायचं नाही. सीट घरात जमिनीवर आणा, बाळाला बसवा आणि खांदेपट्टे सीटच्या पाठीतून कुठून बाहेर येतात ते पाहा.

बाळ मागे तोंड करून बसत असेल तर पट्टे त्याच्या खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. समोरून धडक बसली की असं बाळ सीटच्या पाठीवरून वरच्या दिशेला सरकू पाहतं. खालून येणारा पट्टा त्याला धरून ठेवतो, वरून येणारा मोकळी जागा देतो. मूल पुढे तोंड करून बसत असेल तर नियम उलटा: पट्टे खांद्यांच्या रेषेत किंवा किंचित वरून यावेत. इथे खालून येणारे पट्टे धडकेत खांदे खाली दाबतात आणि तो भार कण्यावर जातो.

खांदा पाहताना कपड्याची शिवण पाहू नका, ती कुठेही असते. खांद्याच्या माथ्यावर बोट ठेवा आणि तिथून सरळ मागे सीटच्या पाठीवर टेकवा. बोट टेकेल ती तुमची रेषा. मी एक पट्टी आडवी धरतो, लेक हसते, पण दोन खाचांच्या मधोमध खांदा असेल तेव्हा अंदाजावर सोडण्यापेक्षा पट्टी बरी.

काही सीटमध्ये डोक्याचा आधार वर-खाली केला की पट्टे आपोआप सरकतात. काहींमध्ये पट्टे मागून काढून दुसऱ्या खाचेत ओवावे लागतात. हे दुसरं काम किचकट आहे, म्हणून लोक ते पुढे ढकलतात, आणि बाळाचे खांदे तोवर खाचेच्या वर निघून गेलेले असतात. महिन्यातून एकदा उंची तपासा. मी मॅन्युअलच्या आतल्या पानावर तारीख आणि खाच लिहून ठेवतो.

पायांमधल्या पट्ट्यालाही बऱ्याच सीटमध्ये दोन-तीन जागा असतात. बकल बाळाच्या अंगाजवळ हवं, पण त्याच्या बुडाखाली जायला नको. फार पुढे असेल तर बाळ घसरून तिथपर्यंत येतं. लहान बाळासाठी बहुधा सीटच्या पाठीजवळची जागा लागते, मूल वाढलं की पुढची. नेमकं कधी बदलायचं ते मात्र तुमच्या सीटच्या मॅन्युअलनेच ठरवायचं.

बसवण्याचा क्रम

हा क्रम मी बदलत नाही. बाळाला उचलण्याआधी पट्टे पूर्ण सैल करायचे, बकल उघडायचं आणि पट्टे दोन्ही बाजूंना बाहेर टाकायचे. नाहीतर बाळ पट्ट्यांवरच बसतं आणि मग त्याच्या पाठीखालून बकल शोधत बसावं लागतं.

बाळाला ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे बूड मागे नेणं. सगळ्यात जास्त त्रास इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. दोन्ही गुडघे हलके उचला, बूड सीटच्या कोपऱ्यात जाईल असं हळूच सरकवा, मग कमरेमागे बोटं घालून पाहा. पाठ आणि सीट यांच्यात पोकळी लागली तर बाळ अजून पुढे आहे. असं बसवलेलं बाळ पाच मिनिटांत आणखी घसरतं, हनुवटी छातीवर येते, पट्टे कानापाशी जातात, आणि मग बघणाऱ्याला वाटतं की पट्टा गळ्याला आवळतोय.

आता हात पट्ट्यांमधून घ्या. बाळाचा हात ओढू नका, पट्टा हातावरून आणा. दोन्ही धातूच्या जिभा बकलमध्ये घालून खट्ट आवाज येऊ द्या आणि प्रत्येक जीभ एकदा ओढून पाहा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. समोरची ओढपट्टी, म्हणजे जी खेचली की हार्नेस घट्ट होतो ती, खेचण्याआधी कमरेपाशी असलेला झोल वर आणायचा. बकलच्या बाजूला, मांडीच्या वर पट्टा चिमटीत धरा आणि खांद्याकडे ओढा. मग दुसऱ्या बाजूने तेच. कमरेचे पट्टे मांड्यांच्या वरच्या टोकाला, जांघेत सपाट बसले पाहिजेत, पोटावर नाहीत. आता समोरची ओढपट्टी खेचा. ती जड जात असेल तर एका हाताने खांदेपट्टे धरून ढिलाई मागच्या खाचांकडे सरकवत राहा आणि दुसऱ्या हाताने खेचा. माझ्या बोटांत आता पूर्वीची ताकद नाही, पण या पद्धतीने ओढपट्टी गुमान येते.

घट्ट झालं की नाही, हे चिमटीने ठरवायचं. कॉलर बोनजवळ, खांद्याच्या अगदी पुढे, पट्टा उभ्या दिशेने अंगठा आणि तर्जनीत पकडायचा प्रयत्न करा, म्हणजे एक बोट वर, एक खाली. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर सैल आहे. बोटं पट्ट्यावरून नुसती घसरली तर बरोबर आहे. कमरेपाशीही झोल राहिलेला नाही ना ते पाहा.

काही मॅन्युअल चिमटीऐवजी पट्ट्याखाली एक बोट जावं असं सांगतात. तुमच्या सीटचं तसं असेल तर तेच पाळा. मला स्वतःला चिमूट जास्त विश्वासाची वाटते, कारण माझं एक बोट म्हणजे जावयाची दीड बोटं, आणि बोट घुसवताना आपण नकळत पट्टा वर उचलतो. चिमटीला बोटाच्या जाडीशी देणंघेणं नाही.

घट्ट म्हणजे आवळलेला नव्हे. पट्टा सरळ रेषेत, अंगालगत सपाट असावा, खांद्याच्या मांसात रुतू नये, आणि बाळाची मुद्रा बदलू नये. पट्टा ओढल्यावर बाळ पुढे वाकत असेल तर उंची किंवा बूड यांपैकी एक गोष्ट चुकली आहे. तिथे ढिलाई देऊन उपयोग नाही.

चेस्ट क्लिप, म्हणजे दोन खांदेपट्टे छातीवर जोडणारी क्लिप, असेल तर सगळ्यात शेवटी ती काखेच्या रेषेत आणा. तिचं काम एवढंच की खांदेपट्टे खांद्यावरून बाजूला घसरू नयेत. धडकेचा भार ती पेलत नाही. खाली पोटावर असेल तर पट्टे फाकतात, गळ्यापाशी असेल तर टोचते. अमेरिका आणि कॅनडातल्या सीटना ही क्लिप असते, युरोपीय नियमांप्रमाणे बनलेल्या सीटना सहसा नसते. नसेल तर ती वेगळी विकत आणून लावायची नाही. ती सीट तिच्याशिवाय तपासली गेलेली असते.

कपडे, पांघरूण, उशा

जाड कोट किंवा फुगीर जॅकेट घालून बाळाला पट्ट्यात बसवू नका. त्यातली हवा धडकेत दाबली जाते आणि मघाचा घट्ट पट्टा एकदम सैल होतो. विश्वास बसत नसेल तर घरीच करून पाहा. कोट घालून बाळाला बसवा, चिमूट घसरेपर्यंत पट्टा ओढा. मग ओढपट्टीला हात न लावता बकल उघडून बाळाला काढा, कोट उतरवा आणि पुन्हा बसवून बकल लावा. समोर लोंबणारा झोल दिसेल, तो कोटामुळे लपलेला होता. हिला आकडे पटले होते, पण कोट सोडायला ती तयार झाली ती हा प्रयोग पाहिल्यावर.

थंडीत पातळ कपड्यांचे थर घाला, बाळाला पट्ट्यात बसवा, आणि दुपटं किंवा पांघरूण वरून टाका. पट्ट्याखाली काही नको. तोंडावर येणार नाही इतपत खोचा. गाडी गरम झाली की काढून टाका, कारण घामेजलेलं बाळ हेसुद्धा रडण्याचं मोठं कारण आहे. मानेच्या मागे हात लावून पाहा, तळवे थंड लागले तर घाबरू नका. बाळाचे हातपाय तसेही गार असतात.

अंग गुंडाळून, हात आत बांधून बाळाला सीटमध्ये ठेवायचं नाही. पट्टा पायांमधून आणि खांद्यांवरून थेट गेला पाहिजे.

उन्हात उभ्या गाडीतल्या बकलचा धातू चटका देतो. बसवण्याआधी स्वतःचा हात लावून पाहा. उभ्या गाडीत सीटवर फिकट कापड टाकून ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

आता उशा, गाद्या, खांद्याला गुंडाळायच्या मऊ पट्ट्या. दिसायला गोंडस, भेट म्हणून येतातच. सीटबरोबर आलेली असेल तर वापरा, बाहेरून घेतलेली वापरू नका. बाहेरची गादी पाठीमागे गेली की पट्ट्यात झोल येतो, डोक्यामागे गेली की मान पुढे ढकलली जाते. सीटबरोबर आलेली नवजात बाळाची गादीसुद्धा किती वजनापर्यंत वापरायची हे मॅन्युअलमध्ये असतं. त्यानंतर ती काढा. दाटीमुळे बाळ कुरकुरत असेल तर बऱ्याचदा ही काढायची राहून गेलेली गादीच कारण असते.

अगदी लहान बाळ बाजूला कलत असेल तर दोन छोटे टॉवेल गुंडाळून डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बकल लावून झाल्यावर, ठेवता येतात, मॅन्युअल मना करत नसेल तर. पाठीमागे किंवा बुडाखाली काही नाही. बाळ पायांकडे घसरतच असेल तर छोटा रुमाल गुंडाळून जांघ आणि पायांमधला पट्टा यांच्यामध्ये ठेवायची सोय काही उत्पादक देतात, काही देत नाहीत. विचारल्याशिवाय करू नका.

रडतंय म्हणून

डोकं बाजूला कललं तर चालतं. पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर चालत नाही, कारण नवजात बाळाची श्वासनळी अरुंद आणि मऊ असते, मान दुमडली की ती दबते. याचा संबंध पट्ट्याशी कमी आणि सीटच्या कलाशी जास्त. सीटवर कल दाखवणारी रेष किंवा गोळी असते, गाडी सपाट जागी उभी करून ती बघा. आणि बाळ बसवल्यावर कल बदललाय का, तेही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत सीटमध्ये श्वास आणि ऑक्सिजन ठीक राहतो का, हे काही रुग्णालयांत घरी सोडण्याआधी तपासतात. तुमचं बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल तर डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा.

मानेला घासत असेल तर क्रमाने पाहा: बूड मागे आहे का, उंची बरोबर आहे का, पट्टा पिळलाय का, क्लिप काखेशी आहे का. बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच उत्तर मिळतं. प्रवासानंतर कातडीवर हलकी वळं दिसली आणि थोड्या वेळात गेली तर काळजीचं कारण नाही. ओरखडा किंवा टिकून राहणारी खूण दिसली तर त्या जागी पट्ट्याची कड उभी राहते आहे, तो सपाट करा.

मांड्यांना टोचत असेल तर बकलची जागा. मागे तोंड करून बसणारं मोठं मूल पाय दुमडून बसतं, ते आपल्याला अवघडल्यासारखं दिसतं, त्याला वाटत नाही. "पाय पुरत नाहीत" म्हणून सीट पुढे वळवू नका. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, नवजात बाळात तर लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा. मागे तोंड असलं की धडकेचा जोर डोकं, मान, पाठ या तिन्हींना एकत्र आधार देणाऱ्या सीटच्या कवचावर पसरतो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशी सीट करून पाहिली, ती अंतराळवीर यानात पाठीवर टेकून कसे बसतात हे बघून. युरोपातला आर १२९ हा नियम किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढून सांगितलं की सीटची उंची आणि वजनाची मर्यादा संपेपर्यंत मुलाला तसंच बसू द्या. मलाही हेच शहाणपणाचं वाटतं.

थोडं मोठं झालेलं मूल हात काढून घेतं. त्यावर पट्टे एकत्र धरून ठेवणाऱ्या क्लिपा बाजारात मिळतात, त्या नकोत. अडचण बहुधा झोलाचीच असते. चिमूट घ्या, खांद्याची उंची पाहा, निसरड्या कापडाचा शर्ट बदला. तरीही काढलाच तर गाडी बाजूला घ्या, हात परत घाला, आणि कंटाळवाण्या चेहऱ्याने परत निघा. मुलाला थांबण्यात मजा यायला नको.

एवढं सगळं बघूनही बाळ रडलं, तर ते भूक, लंगोट, झोप किंवा नुसता वैताग यांपैकी काहीतरी असतं. गाडी थांबवा, बाहेर काढा, जवळ घ्या. चालत्या गाडीत बाळाला बाहेर काढायचं नाही आणि पट्टा सैल करायचा नाही. लांबच्या प्रवासात तसंही बाळाला अधूनमधून सीटबाहेर काढून आडवं करावं. पोहोचल्यावर झोपलेलं असलं तरी सपाट अंथरुणावर ठेवा. बकल तेवढं उघडून सीट घरात आणून ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण बाळ खाली घसरतं आणि सैल पट्टा गळ्याशी येतो.

पट्ट्यांची निगा

पिळलेला पट्टा सरळ करायला सगळं उसवायची गरज नसते. धातूच्या जिभेच्या खाली पट्टा तिरपा दुमडून त्रिकोण करा आणि जीभ त्या घडीवरून वर सरकवा, पीळ सुटतो. पीळ राहिलेला पट्टा रुंदीऐवजी एका कडेवर भार टाकतो, शिवाय ओढायलाही अडतो. अनेकदा "ओढपट्टी बिघडली" अशी तक्रार असते तेव्हा आत पीळच सापडतो.

पट्टे भिजवायचे नाहीत, मशीनमध्ये टाकायचे नाहीत, ब्लीच आणि इस्त्री तर नाहीच. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसा आणि सावलीत वाळू द्या. बकलमध्ये खाऊचे कण अडकले की खट्ट आवाज येईनासा होतो. मॅन्युअल परवानगी देत असेल तर बकल कोमट पाण्याने विसळा. तेल घालू नका, मला स्वतःला तेल घालायची फार सवय, पण इथे नाही: त्यावर धूळ चिकटते.

कापड धुवायला काढण्याआधी पट्टे कसे जातात त्याचे पुढून आणि मागून फोटो काढा. परत बसवताना दोन्ही खांदेपट्ट्यांची टोकं सीटमागच्या धातूच्या पट्टीत पूर्ण, दोन्ही बाजूंनी सारखी अडकली आहेत का हे पाहा. एक टोक अर्धवट अडकलं तर पुढून काहीच कळत नाही. मग समोरून दोन्ही पट्टे जोरात ओढा. एक बाजू लांब आली तर मागे परत जा.